नववीतली एक जागा

मस्कतहून मुंबई, मुंबईहून बीड, आणि बीडहून नेकनूरच्या बाजूची एसटी, एवढं सगळं अंग आंबवून मनिषा फाट्यावर उतरली, तर तिच्या पोरीचं अभिनंदन आधीच तिथं टांगलेलं होतं. चांगला रिक्षाएवढा फ्लेक्स. वर संस्थेचे अध्यक्ष गॉगल लावून, त्यांच्या खाली संचालकांची रांग, आणि कोपऱ्यात जागा उरली म्हणून दीपमाला. व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललेला फोटो, त्यात पोरगी आइस्क्रीम खात होती. खाली लिहिलं होतं, परदेशातील शिक्षण सोडून आपल्या मातीतल्या शाळेत नववीला प्रवेश घेतल्याबद्दल कु. दीपमाला हिचे हार्दिक अभिनंदन.

"आई, मी कधी घेतला प्रवेश?" दीपमालाने विचारलं.

"तू न्हाई घेतलास. तुझ्या काकानं घेतला," मनिषा म्हणाली आणि नवऱ्याकडे बघितलं. प्रविण बॅगा मोजत असल्याचं दाखवत होता.

काका म्हणजे प्रविणचा मोठा भाऊ बजरंग. गावच्या माध्यमिक शाळेत शिक्षक. शाळा अनुदानाची, पगार सरकारचा, पण पगार टिकतो तो पटावर. वर्गात पोरं कमी झाली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि मग त्याला जिल्ह्याच्या कुठल्या कोपऱ्यात फेकतील याचा नेम नसतो. म्हणून उन्हाळा आला की या शाळेचे मास्तर दारोदार पोरं मागत हिंडतात. कुणाला दप्तर कबूल करतात, कुणाला सायकल. यंदा नववीला दोन पोरं कमी पडत होती आणि शाळेत सगळ्यात शेवटी लागलेला शिक्षक बजरंग होता. त्याची गरज खरी होती, हे कुणीही मान्य करील. पण पुतणी विमानात बसायच्या आधीच तिचा फ्लेक्स छापायची कल्पना फक्त त्यालाच सुचू शकते.

मनिषाला या गोष्टीचा एवढा संताप का आला, हे तिच्या सासरी कुणाला कळलं नाही, कारण तिची नववी कशी गेली हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. तिचे वडील मुंजाजी ऊसतोड्या. दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रकात चढायचं आणि मनिषाची शाळा सुटायची. नववीचं अर्धं वर्ष तिने फडावर मोळ्या बांधल्या. परत आली तर बीजगणित कुठल्या कुठं गेलेलं, आणि मास्तरांनी तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. उलट पट भरलेला दिसावा म्हणून ती नसतानाही तिची हजेरी मात्र रोज लावली होती. दहावी तिने युसूफ वडगावला मावशीकडे राहून, मावशीची धुणीभांडी करून काढली. मग अंबाजोगाईला नर्सिंग, मग लग्न, मग मस्कतचं हॉस्पिटल. प्रविण तिथं गाडी चालवायचा. त्याची पाठ गेली, कंपनीने घरी बसवलं, आणि बारा वर्षांनी तिघं परत आली. या बाईने आयुष्यात एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. माझ्या पोरीची नववी कुणी खाऊ शकणार नाही.

आणि घरात पाऊल टाकलं तर नववी खायला सगळे पंगत मांडून बसलेले. मुख्याध्यापक विठ्ठलराव, दोन मास्तर, शाल, श्रीफळ, मोबाईल उगारून उभा असलेला शिपाई. दीपमालाच्या खांद्यावर शाल पडणार तेवढ्यात मनिषाने ती हातातच धरली.

"सर, अजून आमचं काही ठरलेलं न्हाई."

शिपायाने मोबाईल खाली घेतला. या घरात सून भायासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, मान वर करून बोलत नाही. काही सांगायचं असलं तर सासूला सांगायचं, सासू पुढं सांगते. मनिषा बारा वर्षांपूर्वीही हे पाळत नव्हती, पण तेव्हा पाहुण्यांसमोर तरी गप्प राहायची.

"घरचीच शाळा हाय, त्यात ठरवायचं काय?" बजरंग म्हणाला.

"शाळा बघीन, मग ठरवीन."

सासूबाई, भिवराबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या मनिषाला नाही, भिंतीला म्हणाल्या, "बारा वर्सं म्हातारा-म्हातारीचं ह्यानंच केलं. दवाखाना ह्यानं, शेत ह्यानं. तव्हा कुणी बघाया आलं न्हाई."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मनिषा मस्कतहून पैसे पाठवायची, पण पैसे पाठवणारीला म्हाताऱ्यांचे पाय चेपावे लागत नाहीत, एवढं तिलाही कळत होतं. सासरे बबनराव काहीच बोलले नाहीत. ते गेली कित्येक वर्षं काहीच बोलत नव्हते आणि त्यामुळे सगळ्यांचे लाडके होते.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. प्रयोगशाळेला कुलूप. किल्ली अध्यक्षांच्या घरी, कारण आत त्यांच्या शेतातल्या ठिबकच्या नळ्यांची वेटोळी होती. इंग्रजीचे सर मागच्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हापासून इंग्रजी इतिहासाचे सर शिकवतात. "दिवाळीनंतर वर्गात किती पोरं राहतात?" तिने विचारलं. विठ्ठलराव हसले. "तुमी बाहेर ऱ्हाऊन इसरलात काय? तव्हा सगळी तोडीला जात्यात. ऱ्हातेत चार-पाच. आपली दीपमाला असंल की पहिली!" त्यांना वाटलं हे ऐकून बाई खूश होईल.

मनिषा तिथूनच बीडला गेली. तिथल्या एका शाळेबद्दल तिने मस्कतमध्ये असतानाच चौकशी केली होती. इंग्रजी माध्यम, नीट शिकवणाऱ्या बाया, आणि अंजू तिथंच शिकत होती. अंजू बजरंगची पोरगी, दीपमालाच्याच वयाची. ऑफिसातल्या बाईंनी मान हलवली. नववी भरलेली. कुणी दाखला नेला तर फोन करू. मनिषाने नंबर ठेवला आणि बसमध्ये सगळ्या रस्ताभर तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत राहिला. मास्तरची पोरगी मास्तरच्या शाळेत का नाही?

मग घरात धुसफूस सुरू झाली. जाऊ मनिषाच्या ताटात भाकरी वाढायची ती टाकल्यासारखी. भिवराबाई भिंतीशी बोलायच्या. दीपमाला मराठी वाचताना जोडाक्षरांत अडकली की बजरंग लांबून म्हणायचा, "गावच्या शाळेत नीट झालं असतं, पन आपल्याला मोठी शाळा पायजे." प्रविणचं एकच पालुपद. "मनिषा, आपल्याला ह्याच घरात राहायचंय."

"मग तू ऱ्हा. पोरगी कुठं शिकंल ते मी बघते."

शेवटी एका सकाळी विठ्ठलराव परत आले. शाळा उघडायला आठवडा उरला होता. अंगणात चहा झाला आणि बजरंगने सगळ्यांसमोर विषय काढला. आज हो म्हण, न्हाई तर माझी नोकरी तुझ्या हातानं जाईल.

मनिषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन महिने दाबून ठेवलेलं तोंडातून बाहेर पडलं.

"दादा, तुमची अंजू कुठं शिकती?"

"त्ये येगळं हाय. ती पहिलीपासून तिथंच हाय."

"येगळं कसं? दुसऱ्याची पोरं भरायला शाळा चांगली, आन आपली पोरगी बीडला? तुमच्या एका तरी मास्तरचं पोर हाय का हितं?" तिने विठ्ठलरावांकडे बघितलं. त्यांनी कपात बघितलं. "तुमची शाळा एवढी चांगली हाय ना? मग आधी अंजूचं नाव काढून आणा. ज्या दिवशी अंजू तुमच्या बाकावर बसंल, त्या दिवशी दीपमाला तिच्या शेजारी बसंल. ह्यो माझा शब्द हाय."

बजरंगचा चेहरा काळाठिक्कर पडला. "शब्द हाय?"

"हाय."

आपण त्याला चांगलंच गप्प केलं असं मनिषाला वाटलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली. तिने बजरंगला ढोंगी म्हणून बरोबर ओळखलं होतं, पण बुडणारा माणूस काय काय धरतो याचा हिशेब तिने केला नाही. दोन पोरं कमी होती. दोन पोरींची नावं तिने स्वतःच्या तोंडाने त्याच्या हातात दिली होती.

सोमवारी दुपारी बजरंग बीडहून आला. मागे अंजू, डोळे सुजलेले, दप्तर छातीशी धरून. ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि तिच्या आईचा रडण्याचा आवाज बाहेर आला. बजरंगने अंगणातूनच हाक मारली.

"अंजूचा दाखला काढून आनला. आता आन तुझी पोरगी."

मनिषा उंबऱ्यावर उभीच राहिली. एवढं खरं करील हा माणूस, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पोटच्या पोरीचं वर्ष त्याने नोकरीपायी विकलं, असं तिला म्हणायचं होतं. पण किंमत कुणी सांगितली होती?

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बीडच्या ऑफिसातल्या बाई होत्या. "नववीत एक जागा झालीय. आज सकाळीच एकांनी दाखला नेला. ऑफिस बंद व्हायच्या आत या, न्हाई तर पुढच्याला देऊ."

ती जागा कुणाची हे मनिषाला विचारावं लागलं नाही. अजून वेळ होता. बजरंगला सांगितलं असतं, मी शब्दाला जागत नाही, तुझी अंजू परत ने, तर जागा अंजूची अंजूला मिळाली असती. मनिषाला ते सुचलं. नीट, स्वच्छ सुचलं. तिला स्वतःची लाजही वाटली. आणि लाज वाटत असतानाच तिने पर्स उचलली.

"अगं, ती जागा..." प्रविण म्हणाला. त्याने फोनवरचं ऐकलं होतं.

"माहिताय मला. गाडी काढ कुणाची तरी."

"आई, तू शब्द दिला होतास," दीपमाला म्हणाली.

"दिला होता. चप्पल घाल."

बजरंगला ते संध्याकाळी कळलं. त्याने शिव्या दिल्या नाहीत. शिव्या भिवराबाईंनी दिल्या, आणि या वेळी भिंतीला नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा बबनरावही बोलले. "पोरी, ह्या घरात आता पानी मागू नगंस," एवढंच बोलले. तिघांनी बीडला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. नववीत एक पोर कमीच पडलं, बजरंग अतिरिक्त ठरला आणि त्याला पार आष्टीकडच्या शाळेत टाकलं. तो अंजूला घेऊन बीडच्या शाळेत परत गेला होता म्हणे. तिथं नववी भरलेली होती.

बदलीचं पुढं झालं, पण शाळा उघडल्यावरच्या पहिल्याच रविवारी मनिषा गावात गेली. मस्कतहून आणलेल्या बॅगा तिथंच राहिल्या होत्या, त्या न्यायच्या होत्या. घरात कुणी बस म्हणालं नाही. जावेने बॅगा अंगणात काढून ठेवल्या आणि दार लोटून घेतलं. मनिषा एकेक बॅग फाटकापर्यंत ओढत होती तेव्हा अंजू बाहेर आली. हातात इस्त्री केलेल्या कपड्यांची पिशवी होती.

"काकू, ह्यो माझा शाळेचा ड्रेस. यंदाच शिवलाता, एकदाबी घातला न्हाई. दीपमालाला बसंल."

"अगं, नको..."

"न्या. तिथला टेलर लई येळ लावतो." अंजूचा आवाज अगदी सरळ होता. "तिला खिडकीच्या बाजूला बसायला सांगा, तिकडून फळा नीट दिसतो. गणिताच्या मॅडम रागवतात, पन शिकवतात चांगलं."

मनिषाने पिशवी घेतली.

अंजू वळली, दारापर्यंत गेली, आणि तिथून म्हणाली, "आनि माझ्या मैत्रिणी दीपमालाला इचारतील, अंजू कुठं गेली म्हणून. तव्हा काय सांगायचं त्ये तिला तुमीच शिकवून ठिवा."

तिने दार लावून घेतलं, आणि मनिषा बॅगा तिथंच टाकून फाट्याकडे चालू लागली.