मामांचा ठिपका

माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पात प्रत्येक नट म्हणजे एक ठिपका होता. दोघांनी एका चित्रपटात काम केलं असेल तर त्यांच्यामध्ये रेघ. मराठी, हिंदी, भोजपुरी, तेलुगू चित्रपटांतल्या कलाकारांची नावं मी वर्षभर अमरावतीच्या खोलीत बसून भरत होते. माणसांशी बोलावं लागत नव्हतं, म्हणून विषय आवडला होता.

अकोल्याच्या मामांनी तरुणपणी तीन वऱ्हाडी चित्रपटांत छोटी कामं केली होती. त्याचं घरात कोणाला काही वाटत नसे. संक्रांतीला गेले तेव्हा मी लॅपटॉपवर त्यांचा ठिपका दाखवला. ज्याच्या रेघा जास्त त्याचा ठिपका मोठा, आणि त्यांचा चांगलाच मोठा होता. वऱ्हाडी आणि भोजपुरी, हे दोन पुंजके त्या एका ठिपक्याने जोडलेले.

"पाय व!" मामा पडद्याकडे बोट दाखवत मामीला म्हणाले. "मी सांगत होतो तं कोणाले पटे नाई. कॉम्प्युटर खोटं बोलते का?"

"पण भोजपुरीत कवा गेलते तुमी?"

मामांनी चष्मा काढून पुसला. "केले दोन-तीन. तवा तू माहेरी होती."

परत आल्यावर मी तपासलं. त्याच नावाचा एक नट पाटण्याचा होता, आणि माझ्या प्रोग्रॅमने दोघांना एकच माणूस धरलं होतं. मामांना फोनवर सांगता आलं असतं. सांगितलं नाही. ते दरवेळी चारचौघांत माझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीची नक्कल करायचे, नाकातून. सगळे हसायचे. मीही हसायचे.

उन्हाळ्यात मामेबहिणीच्या साखरपुड्याला घर भरलं होतं. लॅपटॉप मामांनीच मागितला. "आना मॅडम, दाखवा आमच्या व्याह्यांले."

ही माझी चूक होती, ते दुसरेच गृहस्थ आहेत, असं मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. मग दुरुस्त केलेलं चित्र उघडलं. भोजपुरीचा पुंजका दूर गेला होता. मामा खालच्या कोपऱ्यात होते, आठ-दहा ठिपक्यांच्या घोळक्यात. त्यांच्यापैकी कोणालाच पुढे दुसरं काम मिळालं नव्हतं, त्यामुळे तिथून बाहेर एकही रेघ जात नव्हती.

"मंग भोजपुरीत काम कोनं केलं?" व्याह्यांनी विचारलं.

"मी माहेरी होती तवा गेलते ना हे!" मामी म्हणाली आणि तिला हसू आवरेना. खोली हसली. त्या घरात पहिल्यांदाच माझ्यावर नाही.

मामा चष्मा वर करून पडद्याजवळ वाकले. मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरी, आजचा दिवस राहू देलं असतं."

"माहिती चुकीची होती, मामा."

"हो. बराबर हाय."

ते उठले आणि व्याह्यांसाठी पान आणतो म्हणून बाहेर गेले. विड्यांचं ताट व्याह्यांच्या समोरच ठेवलेलं होतं.