तापवलेला मध

बीडच्या बाजारात गिऱ्हाईक मध घेण्याआधी कापसाची वात मागतं. वात मधात बुडवायची आणि काडी लावायची. सरळ पेटली तर मध अस्सल, तडतडली तर पाणी घातलेलं. माझा धंदा या एका परीक्षेवर उभा राहिला. सुरुवातीला डोंगरातली आग्या मोहोळं झाडायचो, पुढे मधमाशांच्या पेट्या घेतल्या. शिकवायला कुणी नव्हतं. पेटीतला मध जरा पातळ निघतो आणि त्याची वात तडतडते, हे पहिल्याच हंगामात चारचौघांत तोंड काळं झाल्यावर कळलं. तेव्हापासून मी मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात मधाचा डबा ठेवायला लागलो. मध आटून दाट व्हायचा, वात कशी जळायची म्हणता. त्यानंतर माझ्या मधाला कुणी नाव ठेवलं नाही.

दुष्काळाच्या त्या वर्षी पालीच्या धरणात चिखलाला भेगा पडल्या होत्या. कापूस हातचा गेला, पण कडुलिंब मात्र फुलला. बाजारात मात्र मध घ्यायला कुणी नव्हतं. आमची मधपाळांची सहकारी सोसायटी होती. तिच्याकडे विद्यापीठातल्या एक संशोधक मॅडम आल्या. मध जंतू मारतो का, मारत असेल तर कशाने, हे त्या शोधत होत्या. ज्यांचा मध प्रयोगशाळेत कसोटीला उतरेल त्यांचा एकत्र करून एका दवाखान्यात जखमांवर लावून पाहायचा होता. सोसायटीही त्या वर्षी तेवढ्याच लोकांचा माल उचलणार होती. मला त्या यादीत यायचं होतं. नाही आलो तर पेट्या सांभाळणं जमणार नव्हतं.

सोसायटीची बैठक भरली, मॅडमही आल्या होत्या, तेव्हा मी भावावरून चेअरमनशी अडलो.

‘‘लिंबाचा मध हाय, पाक न्हाई. बाजारापेक्षा कमी भाव कावून घ्यायचा आमी?’’

‘‘बाजार हाय कुठं?’’ चेअरमन म्हणाले. ‘‘खाली बस बे. तुझं भांडण झालं की कामाचं बोलू.’’

सगळे हसले. मी बसलो नाही. चपला घातल्या आणि निघून आलो. तिसऱ्या दिवशी मधाची बाटली मात्र सोसायटीत नेऊन दिली. चेअरमननी काही न बोलता तिच्यावर माझ्या नावाची चिठ्ठी लावली.

महिन्याने निकाल आला. माझा नमुना नापास.

मी एस.टी. धरून विद्यापीठात गेलो. मॅडमनी एक काचेची ताटली उजेडात धरली. तिच्यात जंतूंची दुधासारखी साय धरली होती आणि सायीत छोटी छोटी भोकं पाडून एकेकात एकेकाचा मध भरला होता. इतरांच्या भोकांभोवती स्वच्छ रिंगण होतं, तेवढ्यात जंतू वाढले नव्हते. माझ्या भोकाला साय थेट काठापर्यंत चिकटलेली.

‘‘पाणी घातलंय तुम्ही यात,’’ मी भोकातला पातळ मध बघून म्हणालो.

‘‘हो काका, सगळ्यांच्यात सारखंच घातलंय. दाट मधात जंतू साखरेनंच मरतात. तेवढं साखरेचा पाकसुद्धा करतो. जखम ओली असते. पाणी लागल्यावरही जो मारतो, तो मध मला हवाय.’’

‘‘माझा दाट हाय म्हणून तुमाला खुपतोय. वात लावून बघा.’’

त्या हसल्या नाहीत. ‘‘काका, मध तापवलात का?’’

मी मान डोलावली. मग त्यांनी समजावून सांगितलं. माशी फुलातला रस पोळ्यात आणते तेव्हा स्वतःच्या अंगातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्यात मिसळते. मधाला पाणी लागलं की ते विकर जागं होतं आणि थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं. डॉक्टर जखम धुवायला वापरतात, फेस येतो, तेच. विकराला उष्णता सोसत नाही.

‘‘मग ते परत घालता येतं का?’’

‘‘नाही काका.’’

‘‘हे आधी सांगायचं होतं.’’

‘‘बैठकीत सांगितलं होतं की. तापवू नका, गाळून तसाच द्या. चेअरमनना म्हटलंही होतं, जे नाहीत त्यांना कळवा.’’

दुसऱ्या फेरीला मी घरातलं एक न पिळलेलं पोळं फडक्यात बांधून नेलं. मॅडमनी माझ्यासमोर नवी ताटली लावली. रिंगण दुसऱ्या दिवशी दिसणार होतं, म्हणून मी तिथेच थांबलो. सकाळी त्यांनी मोजपट्टी लावली आणि रिंगण इतरांपेक्षा मोठं असल्याचं सांगितलं. तसं त्यांच्या सहीनं कागदावर लिहून घेतलं आणि तसाच चेअरमनांच्या दारात उभा राहिलो.

‘‘माल भरून झाला, डब्यांना सील लागलं,’’ ते म्हणाले. ‘‘पुढल्या साली तुझाच पहिला.’’

‘‘मला सांगितलं कावून न्हाई?’’

‘‘तू बसलास का?’’

बसलो नव्हतो, ते खरं. पण मी बसलो नाही म्हणून त्यांनी सांगायचं नाही, हे मला अजून पटत नाही. बाटली घेताना एक वाक्य बोलले असते तर काय झालं असतं? तेलगावच्या बाजारात ते समोर आले की मी दुसऱ्या ओळीला वळतो.

पुढच्या साली पाऊस आणखी कमी झाला. आमच्याकडून शिरूरपर्यंत निम्मी घरं ऊसतोडीला गेली होती. उरलेल्यांना टँकर चार दिवसांनी यायचा. मी माझ्या वाट्यातलं पाणी परातीत खडे टाकून पेट्यांजवळ ठेवायचो, माशांना बसून पिता यावं म्हणून. एकदा टँकरवर शेजारची म्हातारी सगळ्यांदेखत म्हणाली, ‘‘माणसाला प्यायला न्हाई आन् तू माशांला पाजतोस व्हय रे? त्यांची बी ओळ लाव की हितं.’’

हंडा माझा होता, पाणी माझं होतं. मधाच्या भावासाठी मी तासन्‌तास भांडलोय, पण त्या दिवशी तिच्या नातवाचे फुटलेले ओठ दिसले आणि मी हंडा उचलून चालू लागलो. घरी येऊन परात उपडी केली. आठवड्याभरात एकेक पेटी रिकामी झाली. माशा कुठे गेल्या ते कळलं नाही.

फाल्गुनात मॅडमचा फोन आला. ‘‘काका, कडुलिंब फुलला का? या वेळी तुमचा नमुना पहिला लावते. तापवू नका फक्त.’’

लिंब दारातच फुलला होता, वास घरभर होता. मी म्हणालो, ‘‘माशा ऱ्हायल्या न्हाईत.’’

त्यांनी विचारलं, दुसऱ्या कुणाकडे कच्चा मध मिळेल का. मी त्यांना चेअरमनांच्या चुलतभावाचा नंबर दिला. त्याच्या विहिरीला पाणी होतं.