चिमणी कठड्याखाली पडली तेव्हा

आमच्या पडद्यांच्या दुकानात वरच्या मजल्यावर शिलाईची खोली आहे. तिथल्या खिडकीजवळच्या मशिनवर वहिनी बसायची. पुढे मालकांच्या मागे लागून तिनं ते मशिन भिंतीकडे सरकवून घेतलं, कारण खिडकीचा एक गज सैल होता आणि खाली रस्ता होता. तशी ती आमच्यातल्या कोणाचीच वहिनी नाही. एकदा तिची नणंद तिचा विसरलेला डबा घेऊन आली आणि खालच्या पायरीपासूनच “वहिनी, अगं वहिनी” करत वर चढली. तेव्हापासून मालकांसकट सगळे तिला वहिनीच म्हणतात.

वहिनी भित्री आहे. मी चहाडी करत नाहीये, हे ती स्वतःच सांगते. कुत्रं दिसलं की गल्ली बदलते. इस्त्री बंद केली की नाही ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येते. फोन अवेळी वाजला तर आधी खाली बसते, मग उचलते. सायकल मात्र रोज चालवते, कारण बसचं दार बंद व्हायच्या आत आपल्याला उतरता येईल का, ही भीती तिला जास्त मोठी वाटते. घर ते दुकान रस्ता सपाट. ती अगदी कडेनं, गटाराच्या झाकणांना वळसे घालत येते.

नणंद याच्या नेमकी उलटी. लहानपणी किरकोळ होती म्हणून घरात तिला चिमणी म्हणायचे. आता अंगापिंडानं दणकट आहे आणि कुजबुजली तरी शेजारच्या खोलीत ऐकू जातं. एका लॅबमध्ये ती तपासणीसाठी रक्त काढते. घाबरलेल्या माणसाला म्हणते, “तिकडे बघा. झालं.” आणि खरंच झालेलं असतं. दरवर्षी चिमणी आणि तिचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, सायकली घेऊन डोंगराळ भागात हिंडायला जायचे. गेल्या वर्षी भावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि चिमणीनं वहिनीला धरलं.

“रोज चालवतेस ना सायकल? तिथे फक्त रस्ता तिरका असतो.”

नवरा तरी अडवेल असं वहिनीला वाटलं होतं. तो पाय उशीवर ठेवून पडल्या पडल्या म्हणाला, “जाऊन ये. मला कोणी सारखं ‘जपून, जपून’ म्हटलं नाही तर गुडघा लवकर बरा होईल.”

ती गेली. का गेली ते तिला अजूनही नीट सांगता येत नाही. नाही म्हणायचीही भीतीच वाटली असेल.

पहिला दिवस तिनं जीव मुठीत धरून काढला. मागून ट्रकचा आवाज आला की ती सायकलवरून उतरून झाडाला टेकायची. मुक्कामाच्या खोलीची कडी नीट बसत नव्हती, म्हणून तिनं दाराला खुर्ची लावली आणि खुर्चीवर दोघींच्या बॅगा ठेवल्या. चिमणी बिछान्यावरून बघत होती. “चोर आला तर आधी बॅगाच त्याच्या हातात पडतील,” ती म्हणाली आणि कूस बदलून घोरायला लागली.

वहिनीला चढण मात्र आवडली. चढणीवर सगळंच सावकाश होतं. दम लागायचा, पण पडून पडून किती पडणार? उतार आला की ती खाली उतरायची आणि दोन्ही ब्रेक आवळून सायकल हातात धरून चालायची. चिमणी सुसाट पुढे जायची आणि खालच्या एखाद्या वळणावर थांबून राहायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खिंडीत पोचल्या. पुढे लांबलचक उतार होता. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीचा दगडी कठडा आणि त्यापलीकडे काही नाही. खालून धुकं वर येत होतं.

“खाली पुलाशी थांबते,” चिमणी म्हणाली. “धुकं दाटायच्या आत ये, नाहीतर तुला शोधायला मला परत चढावं लागेल.”

वहिनी खडकाला घासून चालत राहिली. बऱ्याच वळणांनंतर तिला रस्त्याच्या मधोमध चिमणीची पाण्याची बाटली दिसली. पुढे खडी विखुरली होती आणि त्या खडीवर चाकाचा एक लांब ओरखडा कठड्याकडे गेला होता. तिथे कठड्याचे दगड ढासळून खिंडार पडलं होतं.

ती म्हणते, “मला कळलं होतं, पण मी बाटलीच उचलत बसले. झाकण घट्ट केलं. पुसली.”

मग तिनं हाक मारली. खालून आवाज आला, पण तो चिमणीचा वाटेना, इतका बारीक होता. वहिनी पोटावर झोपली आणि सरपटत खिंडारापर्यंत गेली. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या खोलीवर झुडपांचा एक टप्पा होता. त्यावर चिमणी पडली होती. एक पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळलेला, हात रक्तानं माखलेला. टप्प्याच्या पुढे नुसतं पांढरं धुकं. सायकल त्यात गेली होती.

फोनला रेंज नव्हती. वहिनीनं तो हवेत धरून पाहिला, कठड्यावर ठेवून पाहिला, शेवटी खिशात टाकला. मग ती पालथी होऊन, गवताच्या मुळांना धरत, डोळे मिटून खाली घसरली. गळ्यातला स्कार्फ काढून चिमणीच्या दंडाला आवळून बांधला.

“मी खाली जाऊन कोणाला तरी आणते.”

“जाऊ नकोस,” चिमणी म्हणाली. तिनं वहिनीची बाही धरली होती. “वहिनी, मला भीती वाटतेय. तू गेलीस आणि मी हलले तर?”

एवढ्या वर्षांत हे वाक्य वहिनीनं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिला स्वतःच्या भीतीपेक्षा त्याचाच धसका बसला. तिनं आपलं जाकीट काढलं, त्याची एक बाही एका जाड झुडपाच्या बुंध्याला बांधली आणि दुसरी चिमणीच्या कमरेच्या पट्ट्याला. “आता हललीस तरी कुठे जाणार नाहीस,” ती म्हणाली. ते जाकीट माणसाचं वजन पेलेल की नाही, हे तिला माहीत नव्हतं.

वर आल्यावर ती सायकलवर बसली. चालत जाण्याइतका वेळ नव्हता. धुक्यात समोरचं वळण दिसत नव्हतं, कठडा एकदम अंगावर यायचा. ब्रेक किंचाळत होते. ती मोठमोठ्यानं बोलत होती: “सावकाश. डावीकडे. आता वळ. आता वळ.” हातांना मुंग्या आल्या, तरी ब्रेक सोडायची हिंमत होईना आणि थांबायचीही होईना. एका वळणावर चाक खडीवर सरकलं, तिचा पाय जमिनीला घासला आणि बूट निघून गेला. ती त्याच्यासाठी परतली नाही.

समोरून दिवे दिसले. ट्रक वर चढत होता. वहिनीनं सायकल रस्त्यात आडवी टाकली आणि मधोमध हात वर करून उभी राहिली. ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर वयस्कर होता. त्यानं काच जेमतेम बोटभर खाली केली.

“बाजूला व्हा, बाई.”

“माझी नणंद पडलीय. वर, कठड्याखाली.”

“इथे माझ्या भावाला असंच सायकल आडवी घालून लुटलं होतं. बाजूला व्हा.”

वहिनीनं पाहिलं, त्यानं आतून दाराचा खटका दाबला. ती दाराजवळ गेली. “काका, मलाही तुमची भीतीच वाटतेय,” ती म्हणाली. “मी तुम्हाला ओळखत नाही. पण तुमच्या शेजारी बसून वर येते. काही वेडंवाकडं वाटलं तर मला तिथेच ढकलून द्या.”

तो तिच्या एका पायातल्या रक्ताळलेल्या मोज्याकडे बघत राहिला. मग त्यानं पलीकडचं दार उघडलं. सायकल त्यानं स्वतःच उचलून मागे टाकली.

ते वळणावर पोचले. चिमणी तिथेच होती, जाकीट ताणलेलं होतं. ड्रायव्हरकाकांनी ताडपत्रीचा दोर ट्रकला बांधला, दोघं ताडपत्री घेऊन खाली उतरले आणि चिमणीला तिच्यात गुंडाळून दोरानं बांधलं. काका वर जाऊन ओढायला लागले. खालून ढकलायला वहिनी. तिच्या पाठीमागे धुकं होतं आणि पाय टेकवायला जेमतेम टाचेपुरती जागा. चिमणी ओरडत होती. वहिनी सांगते, “ती ओरडत होती तोवर बरं वाटत होतं. मध्येच गप्प झाली तेव्हा मी तिला चिमटा काढला.”

अंधार पडायच्या आत ते खालच्या दवाखान्यात पोचले. चिमणीच्या पायात सळई घातली, दंडाला टाके पडले. वहिनी बाहेरच्या बाकावर बसली आणि तिथे तिला जे कापरं भरलं, ते नर्सनं दोन कांबळी पांघरली तरी थांबेना.

पुढे पाय जुळला, पण चिमणी बदलली. जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरायची. लॅबमध्ये परत गेली खरी, पण सायकलचं नाव काढलं की विषय बदलायची. परवा ती दुकानात वर आली, यावेळी हाक न मारता. वहिनीच्या मशिनशेजारी स्टुलावर बसली आणि बराच वेळ तिचं शिवणं बघत राहिली.

“वहिनी, तुला रोज असं वाटतं?”

“कसं?”

“पोटात सारखं खड्डा पडल्यासारखं.”

“हो.”

“आणि तरी तू रोज दुकानात येतेस?”

वहिनीनं दोरा दातानं तोडला. “न येऊन कुठे जातं ते? घरीही येतंच की.” मग पुढचा दोरा ओवत म्हणाली, “सकाळी जरा जास्त असतं. अकरा वाजले की कमी होतं. तुझं कधी कमी होतं ते बघ.”

चिमणी हसली नाही. तिनं टेबलावरचा पडदा ओढून मांडीवर घेतला आणि त्याच्या कडेची दुमड धरून बसली, वहिनीला शिवायला सोपं जावं म्हणून.