काचवाल्याची लांबलचक प्रार्थना

रात्रभर वाऱ्याने नुसता धुमाकूळ घातला होता. पत्रे वाजवले, दारं आपटली, एकाच्या गच्चीवरचे कपडे दुसऱ्याच्या कुंपणावर नेऊन टाकले आणि पहाटे कुठे दमून गप्प झाला. आता आकाश घासूनपुसून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं आणि हवेत बोचरा गारठा. अशा सकाळी सगळा मोहल्ला कपाळाला हात लावून बाहेर येतो आणि एकच माणूस बाह्या सरसावून उठतो, तो म्हणजे काचवाला. वाऱ्याने केलेलं नुकसान हीच त्याची कमाई. याची त्याला जराशी लाजही वाटायची. म्हणून दुकानाचं शटर वर करताना तो दरवेळी पुटपुटायचा, "प्रभू, कुणाला इजा झाली नसू दे. काचांचं मी बघतो."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला टेकवलेल्या काचा, मधोमध जाड कापड अंथरलेलं टेबल, कोपऱ्यात पुट्टीचे डबे. मुलगी त्याच्याही आधी कामाला लागली होती. बेकरीच्या दर्शनी खिडकीची काच रात्री फुटली होती, तिच्यासाठी नवी कापायची होती. तिने पट्टी धरली, कटर वरून खाली एकदाच ओढला, कर्र असा आवाज झाला. मग रेघ टेबलाच्या कडेवर आणून तिने दोन्ही हातांनी हलकेच दाबलं. टक्. कड अशी निघाली की बोट फिरवलं तरी कापू नये.

काचवाला मागे उभा राहून बघत होता. एरवी तो काहीतरी बोलला असता. निदान "हातमोजे कुठायत?" तरी म्हणाला असता. पण आज त्याने तोंडाला कुलूप लावलं होतं. काल रात्रीपासून.

काल रात्री काय झालं ते सांगायचं, तर या माणसाच्या प्रार्थनेपासूनच सुरुवात करावी लागेल.

जेवणं झाली की त्या घरात प्रार्थना व्हायची. ताप असो, पाहुणे असोत, नाहीतर लाइट गेलेली असो. पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला एखादा भाग वाचायचा, मग सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि काचवाल्याने सुरू करायचं. चर्चच्या मंडळीत त्याच्या प्रार्थनेची ख्याती होती. पाळकसाहेब त्याला प्रार्थनेला उभं करण्याआधी घड्याळाकडे बघायचे. बायको तर डोळे मिटण्याआधी उठून गॅस बंद करून यायची.

मुलं लहान होती तेव्हा या प्रार्थनेने मोठी कामं केली होती. साखरेच्या डब्यात कुणाचा तरी हात गेलेला असायचा. काचवाला कुणालाच काही विचारायचा नाही. रात्री डोळे मिटून तो हळूच म्हणायचा, "हे प्रभू, आज या घरात ज्याने साखर खाल्ली, त्याला तू ओळखतोस. त्याला कबूल करायची बुद्धी दे." आमेन होईपर्यंत एका कोपऱ्यातून मुसमुस सुरू व्हायची. मार नाही, आरडाओरडा नाही. त्याला वाटायचं, अशी हातोटी दुसऱ्या कुठल्या बापाकडे नसेल. आणि ते खोटंही नव्हतं.

पण मुलं वाढली आणि हातोटी तशीच राहिली. थोरल्या मुलाने केस वाढवले, की प्रार्थनेत केसांपायी बळ गमावलेला शमशोन यायचा. मुलगी मैत्रिणीकडे उशिरापर्यंत थांबली, की शास्त्रातल्या त्या दहा कुमारींचे दिवे पेटायचे, ज्यांतल्या पाचजणींना उशीर झाला आणि दार बंद मिळालं. बरं, चालू प्रार्थनेत बापाला तोंड कोण देणार? थोरला शेवटी मान खाली घालून झोपायला शिकला, लग्न झालं तसा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला, आणि अजूनही रविवारी जेवायला आला की प्रार्थनेत एक डुलकी काढून घ्यायचा.

मुलगी मात्र जागी राहायची. ती बापाच्या हाताखाली तयार झाली होती. मोठी काच उचलायची तर माणसं दोन लागतात, आणि ती दोन माणसं एका पावलाने चालावी लागतात. एक जरा जास्त पुढे गेला की संपलं. या दोघांची चाल इतकी जमली होती, की रस्त्यातली लोकं बाजूला होऊन बघत राहायची.

आणि काल जेवताना तिने सांगितलं. दुसऱ्या शहरात बसच्या पुढच्या काचा बनवायचा मोठा कारखाना आहे, तिथे तिला तपासणीच्या कामावर घेतलंय. राहायची सोय त्यांचीच. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

"बरं," काचवाला म्हणाला. "बघू." आणि तो निवांत जेवला. बायकोने मुलीकडे बघितलं, मुलीने आईकडे. दोघींना ठाऊक होतं, हे "बघू" कुठे जाऊन फुटणार ते.

मग डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या, तुझी कृपा थोर आहे. या घरातल्या एका लेकराच्या मनात दूर जायचं आलंय. तू तर जाणतोस, दूर देशी गेलेल्या त्या धाकट्या मुलाचं काय झालं. शेवटी डुकरांच्या शेंगा खायची पाळी आली. आणि प्रभू, जिथे रविवारीसुद्धा भोंगा वाजतो, जिथे तुझ्या दिवसाचा मान राहात नाही, अशा ठिकाणी—"

"आमेन," मुलगी म्हणाली.

स्पष्ट, खणखणीत. आईच्या तोंडूनही सवयीने "आमेन" निघून गेलं आणि ती ताटं गोळा करायला उठलीसुद्धा. मग तिच्या लक्षात आलं आणि ती ताटं हातात घेऊन तशीच उभी राहिली. काचवाल्याचे डोळे मिटलेले, तोंड उघडं.

"प्रार्थना मध्येच तोडतात का?" तो डोळे उघडून म्हणाला.

"पप्पा, हे तुम्ही त्याला सांगत होतात की मला?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला सगळं ठाऊकच आहे. मला सांगायचं असेल तर मी ही इथे बसलेय. डोळे उघडे ठेवून सांगा. मग मलाही उत्तर देता येईल. डोळे मिटलेल्या माणसाशी भांडायचं कसं, सांगा ना!"

"देवाच्या नावाने मी कधी—"

"आज साखर नाही खाल्ली मी, पप्पा," ती म्हणाली आणि आईच्या हातातली ताटं घेऊन आत गेली.

काचवाल्याने बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? मी आमेन म्हटलंय, आता मागे कसं घेऊ?"

तर अशी ती रात्र. आणि सकाळी बेकरीची काच.

हातगाडीवर काच उभी बांधून दोघं निघाले. बोलणं कामापुरतंच. "खड्डा." "हं." "उजवीकडे." "घेतलं." बेकरीपाशी त्यांनी दोर सोडले, काच उचलली. तो मागे, ती पुढे, उलट्या पावलांनी चालत. पायरी आली तशी ती फक्त "पायरी" म्हणाली आणि त्याचा पाय आपोआप उचलला गेला. काच चौकटीत अलगद बसली. मग ठरल्याप्रमाणे तो आतल्या बाजूला गेला आणि दोन्ही तळवे टेकवून काच धरून उभा राहिला, आणि ती बाहेरून लाकडी पट्ट्या ठोकू लागली.

आता दोघांच्या मध्ये हाताएवढंही अंतर नव्हतं. ती समोर, तोंडात चुका म्हणजे बारीक खिळे धरलेली, भुवया आक्रसलेल्या, नाकाला पुट्टी लागलेली. लहानपणी काचेला नाक लावून त्याला वाकुल्या दाखवायची, तीच. कालच्या रात्रीचा राग कुठे गडप झाला ते काचवाल्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने डोळे मिटायच्या आत बोलून टाकलं.

"तू गेल्यावर मी काय करू?"

बाहेर हातोडी ठकठकत होती. तिने मान वर केली, कानाला हात लावला.

"म्हटलं, तू गेल्यावर मी काय करू!"

तिने डोकं हलवलं. ऐकू येत नव्हतं. काच चांगली जाड होती, त्यानेच निवडलेली. तिने हाताने खूण केली: बाहेर या. त्याने डोळ्यांनीच आपल्या तळव्यांकडे दाखवलं: कसा येऊ?

गल्ल्यामागे बेकरीवाली हा सगळा मूकपट बघत होती. तिच्याच्याने राहवेना. "अहो काचवाले, काय बाई तुमचं! जा ना बाहेर. मी धरते." तिने भट्टीचे जाड मोजे चढवले आणि काचेला हात लावून अशी उभी राहिली, जशी काय भिंतच पडायची होती. "पण लवकर हं. माझे पाव करपतायत."

काचवाला बाहेर आला. मुलीने तोंडातल्या चुका काढून हातात घेतल्या.

"आता सांगा."

"ते रविवारचं," तो म्हणाला, "ते तितकंसं खरं नव्हतं. म्हणजे खरं होतं. पण..." त्याने घसा खाकरला. "मला भीती वाटते. तिथे तुला कुणी ओळखत नाही. आजारी पडलीस तर कोण बघेल? आणि इथे माझ्या जोडीला दुसरी बाजू कोण धरेल? मला दुसऱ्या कुणाचीच चाल जमत नाही. झालं. एवढंच होतं."

"हे चांगलं बोललात," ती म्हणाली. "आता माझं ऐका. रविवारी सकाळची पाळी असली तर संध्याकाळची उपासना आहे. मी तिथल्या मंडळीला फोन करून विचारलंय. त्यांच्या पाळकबाईंनी जेवायलाही बोलावलंय."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला कुठे विचारलंत? तुम्ही देवाला विचारत होतात."

काचवाल्याने बाहीने तिच्या नाकावरची पुट्टी पुसली.

"मला भीती नाही वाटत असं समजू नका," ती म्हणाली. "वाटते. पण मी जाणार, पप्पा. तुम्ही नाही म्हणालात तरी जाईन. फक्त तसं जायचं नाहीये मला. तुम्ही जा म्हणालात तर नीट जाता येईल."

आतून बेकरीवालीने काचेवर डोक्याने टकटक केली. हात अडकलेले होते ना. ती काय ओरडत होती ते ऐकू येत नव्हतं, पण पावाविषयी असावं.

काचवाल्याने मुलीकडे नीट बघितलं. कापलेली कड बघतो तसं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठेही कच्चं दिसेना. हिला शिकवलं कुणी? आपणच. काच तपासायला जगात कुणाला बोलवायचं झालं तर हिलाच बोलवावं, असं आपणच चारचौघांत सांगत फिरतो. आणि नाही म्हणायलासुद्धा तिने काल देवाला सोडलं नव्हतं, आमेन म्हणूनच भांडली होती. त्याला हसू फुटलं.

"जा," तो म्हणाला. "माझ्याकडून हो. आता आधी त्या बाईला सोडव."

त्या रात्री जेवणं झाली. बायकोने गॅस बंद केला, उशी पाठीला घेतली, ऐसपैस बसली. डोळे मिटले गेले. काचवाल्याने सुरू केलं.

"बापा," तो म्हणाला, "ही आधी तुझी, मग माझी. तू हिला सांभाळतोस, मी उगाच मध्ये लुडबुडतो. हिच्याबरोबर जा. आणि माझी भीती तू बघ. येशूच्या नावाने मागतो, आमेन."

बायकोने एक डोळा उघडला.

"झालं?"

"झालं."

"बरं वाटत नाहीये का?"

मुलगी इतकी हसली की तिला उचकी लागली. आणि मग हसता हसताच तिने डोळे पुसले.

ती गेली त्या दिवशी सकाळी बस फलाटाला लागेपर्यंत काचवाल्याने सगळं सांगून घेतलं, डोळे उघडे ठेवून. हातमोजे घालत जा. रात्री एकटी हिंडू नकोस. रोज फोन कर. शास्त्र वाचत जा. तुझ्या बॉसला उलटून बोलू नकोस.

"हातमोजे घालीन," ती म्हणाली. "शास्त्र वाचीन. रोज फोन नाही जमणार, दोन दिवसांनी करीन. बॉस चुकला तर मात्र बोलणार."

"बोलणारच?"

"तुमच्याशी बोललेच ना?"

"बोल बाई," तो म्हणाला. बायकोने तिचा मुका घेतला, त्याने डोक्यावर हात ठेवला, आणि बस सुटली. वळणापर्यंत तो हात हलवत होता, पुढे बस दिसेनाशी झाली तरी जरा वेळ.

घरी येताना बायको म्हणाली, "मोठी काच आली तर मी धरीन. पण आधीच सांगते, मला हुकूम सोडायचे नाहीत. आणि 'पायरी' मी म्हणणार."

"तू म्हण."

दुकानात शाळेच्या खिडकीची एक जुनी चौकट दुरुस्तीला येऊन पडली होती. काचवाल्याने कोट खुंटीला अडकवला, बाह्या वर केल्या, चौकट टेबलावर आडवी घेतली आणि छिन्नीने कडेची दगडासारखी झालेली पुट्टी खरवडायला लागला.