आरशावरचे टॉवेल

शटर खडखडत वर जातं आणि रंगमंच उजळतो. रेक्झिन झिजून गुळगुळीत झालेल्या दोन फिरत्या खुर्च्या. फळीवर कंगवे, पावडरचा डबा, पाण्याचा फवारा. पुढच्या भिंतीला आरसा, मागच्याही भिंतीला आरसा. त्यामुळे एकच गिऱ्हाईक बसलं तरी दुकान हाउसफुल्ल. आणि डाव्या खुर्चीमागे आपला नायक, पन्नाशीचा, पोट सुटलेला. त्याची कात्री भरभर चालायची आणि जीभ त्याहून भरभर. सगळी गल्ली त्याला 'रेडिओ' म्हणायची. उजव्या खुर्चीमागे त्याचा मेहुणा, अबोल आणि सज्जन.

एका वर्षी बायकोचं मोठं ऑपरेशन झालं. रात्री दवाखान्यात जागरण, दिवसा दुकान, अशी त्याची फरफट झाली. बायको ठणठणीत होऊन घरी आली आणि रेडिओच बिघडला.

पोस्टातून निवृत्त झालेल्या एका काकांचे केस कापता कापता त्यानं सहज आरशात पाहिलं. समोरचा माणूस आपणच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण वाटत होतं, आपण शेवटच्या रांगेत बसलोय आणि स्टेजवर कुणी भलताच आपलं काम करतोय. हात चालत होते, पण परके. तोंडून विनोद निघाला, तो शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. काका खो खो हसले. यानं कात्री खाली ठेवली.

तो परकेपणा काही हटेना. आपल्याला वेड लागतंय, असं त्यानं मनाशी ठरवूनच टाकलं आणि कुणाला बोलला नाही. खांदा दुखतो म्हणून दाढ्या मेहुण्याकडे दिल्या. ज्या हाताचा भरवसा नाही, त्यात वस्तरा धरायचा कसा? आरशांवर टॉवेल टांगले.

"अरे, केस कापतोयस की आंधळी कोशिंबीर खेळवतोयस?" गिऱ्हाइकं विचारायची.

खरी अडचण माडीवर होती. तिथे सासरे राहायचे. लग्न झाल्यापासून दर रविवारी त्यांची दाढी जावयानंच केलेली. आता मेहुणा ब्रश घेऊन गेला तर म्हातारा हनुवटी झाकून घ्यायचा. "तू माझा मुलगा खरा, पण गाल जावयाचे!" दाढी वाढत वाढत बंडीच्या पहिल्या गुंडीपर्यंत पोचली. ती पाहिली की रेडिओचा जीव तुटायचा. आपण पुन्हा वस्तरा धरणार की नाही?

आपण जाग्यावर आहोत ना, हे बघायला तो दिवसभर स्वतःच्या कानाची पाळी चिमटायचा. एकदा काकांच्या कानामागचे केस साफ करताना हिशेब चुकला आणि चिमटा काकांच्या कानाला बसला.

"आई गं! अरे, शाळेतल्या मास्तरांनीही इतका पिळला नव्हता!"

"दाजी, काय करताय?" मेहुणा धावला. डबा घेऊन आलेली बायको दारातच थबकली. तिनं खांद्याचं सोंग तिथल्या तिथे ओळखलं. संध्याकाळी त्यानं सगळं ओकून टाकलं.

"अहो, रेडिओ ना तुम्ही? मग ही एवढीच बातमी दाबून ठेवलीत?" ती म्हणाली. डोळे पुसले आणि त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

मनाच्या डॉक्टर त्या. त्यांनी आधी रक्त वगैरे तपासून घेतलं, मग निवांत ऐकलं. "याला डीपर्सनलायझेशन म्हणतात. वेड नव्हे. वेड लागलेल्याला भासतं ते खरंच वाटतं. तुम्हाला फक्त तसं भासतं, आणि भासतंय हे तुम्हाला कळतं. फार ताण आला की मन दोन पावलं मागे सरतं. तुमचं अजून पुढे यायचं राहिलंय."

"म्हणजे हा आजार पाहुणाच की आपल्या घरात," बायको म्हणाली. तेव्हापासून त्या आजाराचं घरातलं नाव 'पाहुणा'.

"गोळी द्या ना एखादी."

"एका गोळीनं हा जात नाही. झोप सुधारा, दर आठवड्याला बोलायला या. आणि चिमटे बंद. जितकं तपासाल तितका तो मुक्काम वाढवील. लक्ष स्वतःवर नको, समोरच्या डोक्यावर ठेवा."

"पण वस्तरा? कुणाला लागलं तर?"

"इतक्या महिन्यांत कुणाला इजा केलीत?"

"एका कानाला," तो खाली मान घालून म्हणाला. बाई इतक्या हसल्या की बाहेरची मंडळी डोकावली.

मग हळूहळू एकेक टॉवेल उतरला. लक्ष स्वतःकडे वळलं की कात्रीचा आवाज ऐकायचा, पाण्याचा गारवा, साबणाचा वास. कधी पाहुणा दिवसभर बसे, कधी चहापुरता. काकांनी तर कान पुढे करून मान कोरायला दिली. "घे, वस्तरा चालव. चिमटा तेवढा नको!"

आणि एका रविवारी माडीवरची काठी टकटक करत खाली आली. सासरे डाव्या खुर्चीत बसले. बायको दारात, मेहुण्याचा हात हवेतच. रेडिओनं फेस केला, वस्तरा उघडला. मग त्याला त्या गालावरचा तीळ दिसला; त्याला वळसा घालून जायचं असतं. गळ्यापाशी केस उलटे उगवतात, तिथे कातडी ताणावी लागते. तो तिळाला वळसा घालून गेला, गळ्याशी वाकला आणि बोलू लागला. शेजाऱ्याची नवी गाडी, तिला ढकलणारे शेजारी... सासऱ्यांचं पोट हलायला लागलं. बायको दारात उभ्या उभ्या हसत होती आणि रडतही होती.

अर्धा गाल उजळल्यावर म्हाताऱ्यानं एक डोळा उघडला. "काय जावईबापू, आज दाढी कोण करतंय? तुम्ही, की तो पाहुणा?"

"बघायचं विसरलोच की, मामा! हनुवटी वर करा."