आत्याला कळवण्याची पद्धत

माझे वडील गेले ही बातमी मी सगळ्यात आधी आत्याला कळवली, आणि ती सगळ्यात शेवटी आत्यालाच कळली.

मी विद्यापीठात मुलांना इंग्रजी संवादकौशल्य शिकवतो. (मराठीत बोलायला कोणी शिकवत नाही, ते येतं असं गृहीत असतं. माझ्याबद्दलही तसंच गृहीत होतं.) अभ्यासक्रमात 'अप्रिय बातमी कळवणे' असा एक धडा आहे. त्याची पद्धत सँडविचची: आधी एक चांगली गोष्ट, मधे वाईट बातमी, वर पुन्हा एक चांगली गोष्ट. म्हणे ऐकणाऱ्याला धक्का बसत नाही! बारा वर्षं मी हे शिकवतोय. त्या बारा वर्षांत मला स्वतःला अशी बातमी एकदाही द्यावी लागली नव्हती, याकडे मात्र कोणी लक्ष दिलं नाही.

बाबा सकाळी सातला गेले. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून मी धायरीला आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे बाबांची एकुलती एक बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, एकटी राहणारी.

"आत्या, पहाटे बाबांनी स्वतःच्या हातानं कप धरून चहा घेतला," मी म्हणालो. "तुझी चौकशीही केली."

"अगं बाई! चहा घेतला? मग दादा उठतोय बघ! मी सांगत नव्हते?"

"हो, पण आत्या..."

"घरी कधी आणताय त्याला?"

"आजच, पण ऐक ना..."

"मग मी तिकडेच येते. ठेव तू फोन, मला आवरायचंय!"

सँडविचचा खालचा पाव तेवढा पोचला होता.

मी पुन्हा दोनदा फोन लावला. तिनं उचलला नाही. तिसऱ्यांदा मी लावलाच नाही, कारण तिनं उचलला असता तर!

"आत्यांना सांगितलंत?" माझ्या बायकोनं, मेधानं, विचारलं.

"फोन केला."

"मग?"

"येते म्हणाली."

आमच्या घरात कोणी खोटं बोलत नाही. उत्तरं फक्त आखूड देतात.

नऊपर्यंत बाबांना शुक्रवार पेठेत घरी आणलं. आतल्या खोलीत ठेवलं. स्मशानातली वेळ साडेअकराची होती. शववाहिनी फाटकाशी येऊन उभी राहिली. साडेदहा झाले तरी आत्याचा पत्ता नाही.

"धायरीहून यायला एवढा वेळ?" मेधा म्हणाली. "वाटेत चक्कर येऊन पडल्या तर नसतील? असं ऐकल्यावर माणसाचं काय होतं..."

तेव्हा मला सांगावं लागलं.

"म्हणजे त्यांना माहीतच नाही?"

"पूर्वार्ध माहीत आहे."

मेधा मटकन खाली बसली. त्या दिवशी सकाळपासून ती पहिल्यांदाच बसली होती.

पावणेअकराला आत्या आली. ठेवणीतली हिरवी साडी, हातात चिकूंची पिशवी. दाराबाहेरच्या चपला ओलांडून ती हॉलमध्ये शिरली आणि कडाडली, "काय ही गर्दी! आजारी माणसाला जरा पडू द्याल की नाही? चला, उठा सगळे!"

सात-आठ माणसं खरंच उठली. (पुण्यात पाहुण्याला 'उठा' म्हटलं, तर तो आधी उठतो आणि मग विचार करतो.)

"आणि अनंता," ती मला म्हणाली, "खाली ती गाडी कोणासाठी आली आहे रे? वरचे केळकर गेले वाटतं. सुटले बिचारे!"

केळकरकाका सोफ्यावरच बसले होते. "मी नाही हो," ते अपराधी आवाजात म्हणाले.

कोणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झालो.

"आत्या, आधी बस. रिक्षा लगेच मिळाली?"

"मंडईत उतरले ना मधे. दादाला चिकू आवडतात, म्हणून एकेक दाबून..." तिचा आवाज मंदावला. ती एकेकाचा चेहरा बघू लागली. मी पाणी हवं का विचारलं. पंखा वाढवू का विचारलं.

दाराजवळ आमच्या गल्लीतल्या बाइंडिंगवाल्या शेखभाईंची अर्शिया उभी होती. ती माझ्याच वर्गात आहे. महिन्यापूर्वी याच धड्याच्या सरावात मी तिला दहापैकी चार गुण दिले होते. शेरा होता, 'फारच थेट'. तिनं आत्याच्या हातातली पिशवी घेतली, तो हात आपल्या हातात धरला आणि म्हणाली, "आजी, आजोबा गेले. सकाळी सातला."

आत्या ओरडली नाही. नुसती माझ्याकडे वळली. "तू फोन कधी केलास रे?"

"सव्वासातला."

मग ती आत गेली आणि बाबांच्या उशाशी बसली. थोड्या वेळानं गाडीचा ड्रायव्हर घाई करायला वर आला. दारातून त्यानं आत पाहिलं आणि एक शब्दही न बोलता खाली जाऊन थांबला. त्याचं कुठलंही प्रशिक्षण झालेलं नसावं.

"चहा घेतला ते खरं का?" आत्यानं विचारलं.

"खरं."

"माझी चौकशी?"

"तीही खरी. 'माई आली का' म्हणाले."

ती बराच वेळ बाबांच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. "मग गेला, हे तेवढं आधी सांगायचंस रे. मी चिकू दाबत बसले नसते. दोन तास मिळाले असते मला याच्यापाशी."

मी तोंड उघडलं.

"आता नको," ती म्हणाली.

तिला वीस मिनिटं मिळाली.

पंधरवड्यानं मी पुन्हा वर्गावर उभा राहिलो. मुलांना म्हटलं, मागचं सगळं खोडून टाका. वाईट बातमी पहिल्या वाक्यात सांगायची. मग गप्प बसायचं आणि त्या माणसाजवळ थांबायचं. संपलं.

"सर," मागच्या बाकावरून प्रश्न आला, "एवढंच असेल तर या धड्याला सहा तास कशाला?"

प्रश्न उत्तम होता. उत्तर देण्यापूर्वी मी आधी प्रश्नाचं कौतुक केलं, नंतर विषयाची थोडी पार्श्वभूमी सांगितली, आणि आता मुद्द्यावर येणार एवढ्यात तास संपला.