आर्नोच्या मांडीतली गोळी

रविवारी सलगमाचं सूप पुढ्यात असताना आर्नोनं काडेपेटी उघडली आणि मांडीतून काढलेली गोळी टेबलावर ठेवली.

"आई, अकरा वर्षं तू हेच बघतेस. सांग, ही कुणाची?"

"रशियनांचीच असणार. आधी जेव."

"नीट बघून सांग. मला लागली त्या सकाळी माझ्या मागून एमिल गोळ्या झाडत होता."

एमिल म्हणजे त्याचा शाळेपासूनचा जिवलग. आर्नोच्या आईनं, ओटिली फेन्स्केनं, वाडगा बाजूला सारला.

नवरा गेल्यावर, एकोणीसशे पाच साली, ती बर्लिनजवळच्या श्पांडाऊच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणीला लागली. जुनी बोथट गोळी तेव्हा बाद होत होती. टोकदार गोळी आधी फ्रेंचांनी आणली, मग जर्मनांनी, पुढे रशियनांनीही. मुकादम रीबे बायकांना समजावायचे, "बोथट गोळी हवेशी कुस्ती खेळते, दमते, लवकर खाली येते. ही हवा कापत जाते. हलकी, वेगवान, वाट जवळजवळ सरळ. शिपायाचा अंतराचा अंदाज चुकला तरी लागतेच! नेमबाज कशाला हवा, तुमचा आंधळा सासराही चालेल, ओटिलीबाई."

बायका हसायच्या. तीही हसली होती. काचेवर गोळी घरंगळत सोडायची, टोक डगमगलं की बाद मालाच्या टोपलीत टाकायची. तिच्या नजरेतून वाकडी गोळी कधी सुटली नाही.

गोळीचं बूड जड असतं, हे तिला रोजच्या हाताळणीनं ठाऊक होतं. अंगात शिरल्यावर ती त्यामुळे उलटते, हे तिला लेकाची मांडी बघून कळलं.

तिनं गोळी उचलली. टोक वाकलेलं, शिशावरचा पत्रा ओरखडलेला. दोन्हीकडच्या गोळ्यांवर चंदेरीच पत्रा. रशियन तेवढी किंचित बारीक. शिपायाच्या डोळ्याला ते कळणार नाही. तिच्या बोटांनी बुडाची जाडी चाचपली आणि तिथंच थांबली; अकरा वर्षं रोज हाताळलेली तीच जाडी होती.

"काय गं?"

"रशियन आहे. आपली याहून जाड असते."

दवाखान्यातून आल्यापासून आर्नो पहिल्यांदा हसला. "आणि मी तीन महिने त्या बिचाऱ्यावर संशय घेत बसलो! त्याला लोकरीचे मोजे विणून पाठव ना. खंदकात पाय गोठतात गं."

सोमवारी कारखान्यात काचेवर एकही गोळी डगमगली नाही. संध्याकाळी घरी येऊन तिनं एमिलच्या मोज्यांचे टाके घातले.